विजयाची वाटणी

डिसेंबर महिन्यात राष्ट्रीय स्मरणाचे तीन दिवस पाठोपाठ येतात. ४ डिसेंबरला नौदल दिन, ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन आणि १६ डिसेंबरला विजय दिवस. यांपैकी पहिला आणि तिसरा दिवस १९७१ च्या भारत-पाक युद्धाशी जोडलेला आहे. दोन आठवड्यांहून कमी काळ चाललेल्या त्या युद्धात भूदल, नौदल आणि हवाई दल ही तिन्ही दले एकाच वेळी, ठरवून आणि पूर्ण शक्तीनिशी लढली. एका नव्या राष्ट्राचा जन्म झाला आणि सुमारे ९३ हजार युद्धबंदी भारताच्या हाती आले. एवढा निर्विवाद विजय मिळाल्यावर मागे काही वाद उरू नये, अशी अपेक्षा कोणीही करील. प्रत्यक्षात मात्र एक वाद उरला, आणि अर्धशतक उलटूनही तो पूर्णपणे शमलेला नाही. तो वाद शत्रूशी नाही. आपल्याच तीन दलांमधील आहे. अमुक लढाई कोणी जिंकली, अमुक आग कोणी लावली, ऐनवेळी कोण आले आणि कोण आले नाही, हे त्याचे विषय. निवृत्त अधिकाऱ्यांच्या लेखांत तो आढळतो, आत्मचरित्रांत आढळतो, आणि सैनिकांच्या घरांत तर तो वारशासारखा मुलांकडे जातो.

या वादाचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे लोंगेवाला. राजस्थानातील जैसलमेर जिल्ह्यात, सीमेजवळच्या वाळूच्या टेकाडावर ही चौकी आहे. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री तेथे २३ पंजाब या बटालियनची एक कंपनी मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांच्या नेतृत्वाखाली तैनात होती. सुमारे १२० जवान, काही मध्यम मशीनगन, उखळी तोफा आणि जीपवर बसवलेली रिकॉइललेस तोफ, एवढेच त्यांचे बळ. त्यांच्यावर चालून आले ते रणगाड्यांसह एक ब्रिगेडभर सैन्य. चौकी सोडून रामगडकडे मागे हटावे की तेथेच पाय रोवावे, असा निर्णय मेजर चांदपुरी यांच्यापुढे होता. त्यांनी थांबण्याचा निर्णय घेतला. हवाई दलाकडे मदत मागितली गेली, परंतु जैसलमेरच्या तळावरील हंटर विमानांत रात्रीच्या अंधारात असा मारा करण्याची साधने नव्हती. उजाडेपर्यंत वाट पाहणे भाग होते. ती रात्र जवानांनी काढली. काटेरी तारांच्या कुंपणामुळे पुढे सुरुंग पेरलेले असावेत, अशी शंका शत्रूला आली आणि त्याचा मोलाचा वेळ गेला. काही रणगाडे मऊ वाळूत रुतले. काही चौकीवरील माऱ्याला बळी पडले. ५ डिसेंबरला फटफटताच हंटर विमाने आली. उघड्या वाळवंटात लपायला जागा नव्हती आणि शत्रूचे एकही विमान आकाशात नव्हते. दिवसभरात रणगाड्यांच्या त्या ताफ्याची वाताहत झाली. मेजर चांदपुरी यांना महावीर चक्र प्रदान करण्यात आले.

पुढे वाद निर्माण झाला तो या घटनेच्या अर्थाविषयी. हवाई दलाच्या बाजूचे म्हणणे असे, की रणगाडे आमच्या विमानांनी फोडले. चौकीवरील जवानांनी केवळ तग धरला. भूदलाच्या बाजूचे म्हणणे असे, की त्या रात्री चौकी सोडली असती, तर सकाळी विमानांना मारा करण्यासाठी ताफा तेथे सापडलाच नसता. तो कितीतरी पुढे निघून गेला असता. १९९७ मध्ये आलेल्या ‘बॉर्डर’ या चित्रपटाने ही लढाई घराघरांत पोहोचवली, पण त्याबरोबर अतिशयोक्तीही पोहोचवली. पडद्यावर चौकीवरील बहुतेक जवान धारातीर्थी पडताना दिसतात. वास्तवात आपली मनुष्यहानी अत्यंत कमी होती. पुढील काळात काही निवृत्त अधिकाऱ्यांनी भूदलाच्या कामगिरीविषयीच जाहीर शंका घेतल्या. वयाच्या उतरणीला लागलेल्या चांदपुरींनी अब्रूनुकसानीचा दावा केला. भरपाईची मागणी होती फक्त एक रुपया. २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्या एका रुपयात या प्रश्नाचे सगळे गांभीर्य सामावले आहे. पैशाचा प्रश्न नव्हता, हे उघड आहे. आयुष्यातील ज्या एका रात्रीने माणसाला त्याची ओळख दिली, ती रात्र झालीच नाही असे कोणी म्हटले, तर त्याने काय करावे?

शांतपणे पाहिले, तर या वादाचे उत्तर घड्याळातच आहे. रात्र पायदळाची होती आणि सकाळ हवाई दलाची. रात्र टिकली नसती, तर सकाळच्या माऱ्याला लक्ष्य उरले नसते. सकाळ झाली नसती, तर रात्र टिकवणारे जवान उरले नसते. आणखी एक तपशील या वादात नेहमी मागे पडतो. त्या सकाळी विमानांना लक्ष्य दाखवण्याचे काम एका छोट्या कृषक विमानातून चालले होते, आणि ते विमान भूदलाच्या तोफखान्याशी संबंधित हवाई टेहळणी तुकडीचे होते. म्हणजे आकाशात भूदलाचा अधिकारी होता आणि तो हवाई दलाच्या वैमानिकांना वाट दाखवत होता. अशा लढाईचे दोन तुकडे करून एक या दलाला आणि एक त्या दलाला देणे शक्यच नाही.

दुसरे उदाहरण कराचीचे. ४ डिसेंबरच्या रात्री निपात, निर्घात आणि वीर या तीन क्षेपणास्त्र नौका कराचीच्या दिशेने गेल्या. कमांडर बब्रू भान यादव यांच्या नेतृत्वाखालील या मोहिमेचे नाव ‘ट्रायडेंट’. पाकिस्तानची ‘खैबर’ ही विनाशिका आणि ‘मुहाफिज’ ही सुरुंगनाशक नौका बुडाली. दारूगोळा घेऊन येणारे एक मालवाहू जहाजही नष्ट झाले. किनाऱ्यावरील केमारीच्या तेलटाक्यांच्या दिशेनेही क्षेपणास्त्र सोडण्यात आले. ८ डिसेंबरच्या रात्री ‘पायथन’ मोहिमेत ‘विनाश’ या नौकेने पुन्हा हल्ला केला आणि केमारीत पुन्हा आगीचे लोळ उठले. याच पराक्रमाच्या स्मरणार्थ नौदल दिन ४ डिसेंबरला साजरा होतो. मात्र हवाई दलाची नोंद अशी, की ४ डिसेंबरला सकाळीच जामनगरहून गेलेल्या हंटर विमानांनी केमारीच्या टाक्यांवर हल्ला केला होता आणि नौका पोहोचण्यापूर्वीच तेथे आग लागलेली होती. तेव्हापासून ‘केमारीची आग कोणाची’ हा प्रश्न दोन्ही दलांच्या जुन्या अधिकाऱ्यांमध्ये रंगत आला आहे.

तेलाच्या टाक्यांना या वादाचे काही सोयरसुतक नव्हते. अनेक टाक्या होत्या, अनेक हल्ले झाले आणि परिणाम एकच झाला. एका दलाच्या कामगिरीने दुसऱ्याची कामगिरी खोटी ठरत नाही. परंतु नौदलाला हा दिवस इतका जिवाभावाचा का वाटतो, हे समजण्यासाठी सहा वर्षे मागे जावे लागते.

१९६५ च्या युद्धात तिन्ही दलांचा मेळ बसला नव्हता. १ सप्टेंबर १९६५ रोजी छांब भागात पाकिस्तानी रणगाडे पुढे सरकू लागले, तेव्हा दिवस मावळतीकडे झुकत असताना लष्करप्रमुख जनरल जे. एन. चौधरी यांनी हवाई मदतीची मागणी केली. तेव्हाचे संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी वेळ न दवडता परवानगी दिली आणि एअर मार्शल अर्जनसिंग यांची विमाने थोड्याच वेळात उडाली. पण पूर्वतयारीविना केलेल्या त्या पहिल्या संध्याकाळी चार व्हॅम्पायर विमाने गमवावी लागली आणि काही मारा आपल्याच तुकड्यांवर झाला. निर्णय धाडसी होता. दोन दलांनी एकत्र बसून आधी आखणी केलेली नव्हती, हा दोष होता. नौदलाची कथा तर अधिक कडवट. युद्धाची व्याप्ती वाढू नये म्हणून त्याला पोरबंदरच्या अक्षांशाच्या उत्तरेस जाण्यास मनाई होती. ७ सप्टेंबरच्या रात्री पाकिस्तानी नौदलाने द्वारकेवर तोफा डागल्या आणि आपले नौदल प्रत्युत्तर देऊ शकले नाही. प्रत्यक्ष हानी किरकोळ होती. मनाला झालेली जखम किरकोळ नव्हती. युद्ध झाले आणि आपण काठावर उभे राहिलो, ही भावना नौसैनिक घरी घेऊन गेले. १९७१ मध्ये अॅडमिरल एस. एम. नंदा यांनी कराचीचा आग्रह धरला, त्यामागे ही पार्श्वभूमी होती.

१९६५ मध्ये हवाई दलाचे उपप्रमुख असलेले पी. सी. लाल १९७१ मध्ये प्रमुख होते. आधीच्या उणिवा त्यांनी जवळून पाहिल्या होत्या. भूदलाच्या कमांड मुख्यालयांशी हवाई दलाची आघाडीची मुख्यालये जोडण्यात आली, म्हणजे मागणी आणि मदत यांमधले अंतर कमी झाले. त्याचे फळ पूर्व आघाडीवर दिसले. मेघना नदीवरील पूल उद्ध्वस्त झालेला असताना हेलिकॉप्टरांनी सैन्य पलीकडे नेले. ११ डिसेंबरला टंगाईल येथे हवाई दलाच्या विमानांतून छत्रीधारी सैनिक उतरले. बंगालच्या उपसागरात ‘विक्रांत’वरील विमानांनी बंदरांवर हल्ले चढवले. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागतीच्या दस्तऐवजावर लेफ्टनंट जनरल जगजितसिंग अरोरा यांनी स्वाक्षरी केली, तेव्हा नौदलाचे व्हाइस अॅडमिरल एन. कृष्णन आणि हवाई दलाचे एअर मार्शल एच. सी. दिवाण हेही तेथे उपस्थित होते. स्वाक्षरी एकाची होती. विजय तिघांचा होता.

मेळ नसल्याची किंमत काय असते, हे त्याच युद्धात शत्रूने लोंगेवाल्यातच दाखवून दिले. रणगाड्यांचा एवढा मोठा ताफा उघड्या वाळवंटात पाठवताना त्यावर विमानांचे छत्र असेल, याची खात्री पाकिस्तानी भूदलाने करून घेतली नव्हती. त्यांच्या हवाई दलाने त्या भागासाठी जवळचा तळ कार्यान्वितच केलेला नव्हता. दोन दलांच्या मुख्यालयांमधील त्या अंतराची शिक्षा वाळूत अडकलेल्या सामान्य रणगाडाचालकांनी भोगली. लोंगेवाल्याच्या श्रेयावरून आज भांडणाऱ्यांनी हे विसरू नये, की जो दोष शत्रूच्या पराभवाचे कारण ठरला, तोच दोष आपण विजयाच्या आठवणीत जोपासतो आहोत.

हा प्रश्न केवळ इतिहासाचा नाही. १९९९ च्या कारगिल संघर्षात मे महिन्यात भूदलाने सशस्त्र हेलिकॉप्टरांची मागणी केली, तेव्हा इतक्या उंचीवर ती हेलिकॉप्टरे सुरक्षित राहणार नाहीत आणि हवाई शक्ती वापरण्यास राजकीय परवानगी हवी, अशी हवाई दलाची भूमिका होती. परवानगी मिळाल्यावर २६ मे रोजी हवाई मोहीम सुरू झाली. २७ मे रोजी दोन लढाऊ विमाने आणि २८ मे रोजी एक एमआय-१७ हेलिकॉप्टर चार जणांसह गमावले गेले. त्यानंतर पद्धत बदलली. जून महिन्यात मिराज विमानांनी लेसर-मार्गदर्शित बॉम्बचा वापर केला आणि जुलैच्या आरंभी भूदलाने टायगर हिल पुन्हा ताब्यात घेतले. पुढे जनरल व्ही. पी. मलिक आणि एअर चीफ मार्शल ए. वाय. टिपणीस या दोन्ही प्रमुखांनी त्या दिवसांविषयी आपापली बाजू लेखनातून मांडली. दोघांचेही देशप्रेम शंकेपलीकडचे. तरीही त्याच दिवसांकडे पाहण्याच्या दृष्टी भिन्न. कारगिलनंतर समित्या झाल्या, एकात्मिक संरक्षण मुख्यालय स्थापन झाले आणि १ जानेवारी २०२० रोजी देशाला पहिले संरक्षण दल प्रमुख मिळाले. शासनाने करावयाचे काम शासन करीत आहे. घरांनी करावयाचे काम मात्र कोणत्याही समितीच्या कक्षेत येत नाही.

सैनिकाच्या घरातील आठवण कशी घडते, हे पाहिले म्हणजे या वादाची धग कळते. युद्धाच्या काळात घरी येणाऱ्या पत्रावर गावाचे नाव नसे. ‘५६ एपीओ’ एवढाच पत्ता. मुलगा पंजाबात आहे की आसामात, हे आईला ठाऊक नसे. आकाशवाणीच्या बातम्यांत एखादे ठिकाण ऐकले, की तो तेथेच असेल, असे घर धरून चाले. माणूस परत आला, तरी फार बोलत नसे. जे थोडे बोलला, तेच घराचे महाभारत झाले. जो परतला नाही, त्याच्या घरी एक छायाचित्र, एक पदक आणि कोणा सहकाऱ्याने सांगितलेली चार वाक्ये राहिली. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळच्या समुद्रात ‘खुकरी’ ही युद्धनौका पाणबुडीच्या हल्ल्यात बुडाली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक तिच्याबरोबर गेले. या घरांना अंत्यदर्शनही मिळाले नाही. दीवच्या किनाऱ्यावरील स्मारक आणि नौदलाचा अभिमान, एवढेच त्यांच्यापाशी आहे. अशा घरातील मुलापुढे कोणी सहज म्हणाले, की ‘नौदलाने त्या युद्धात असे काय केले?’, तर तो घाव एका विभागाच्या प्रतिष्ठेवर पडत नाही. तो त्या छायाचित्रावर पडतो.

दुसऱ्या दलाच्या घरातील अबोला वेगळ्या प्रकारचा असतो. वैमानिक पहाटे उडतो, काही मिनिटांत मारा करतो आणि न्याहारीच्या वेळेपर्यंत तळावर परततो. त्याचा चेहरा जमिनीवरील कोणी पाहिलेला नसतो. ज्यांचे प्राण त्याने वाचवले, त्यांना त्याचे नाव ठाऊक नसते. त्याच्या विमानात रात्रभर दारूगोळा भरणाऱ्या तंत्रज्ञांची तर कथाच सांगितली जात नाही. म्हणून तो किंवा त्याचे कुटुंब जेव्हा म्हणते, की ‘रणगाडे आम्ही फोडले’, तेव्हा त्यामागे गर्वापेक्षा अनोळखी राहिल्याची व्यथाच अधिक असते. आणि कित्येकदा ही दोन्ही घरे एकच असतात. ‘बॉर्डर’चे दिग्दर्शक जे. पी. दत्ता यांचे बंधू हवाई दलात वैमानिक होते आणि विमान अपघातात त्यांचा अंत झाला. भूदलाच्या शौर्याचा म्हणून ओळखला जाणारा तो चित्रपट हवाई दलातील भावाच्या आठवणीशी असा जोडलेला आहे.

युद्धाचा हा विषय अहिंसेला परमधर्म मानणाऱ्या कुटुंबांनी कशासाठी विचारात घ्यावा, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. गृहस्थधर्माच्या विवेचनात हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे चार प्रकार सांगितले जातात. पैकी जाणूनबुजून केलेली संकल्पी हिंसा श्रावकाला सर्वथा वर्ज्य आहे. आश्रितांच्या आणि देशाच्या रक्षणासाठी नाइलाजाने घडणारी विरोधी हिंसा मात्र त्याला पूर्णपणे टाळता येत नाही, हे मान्य केलेले आहे. म्हणजे लढाईला मर्यादित मुभा आहे. परंतु लढाई संपल्यावर मनात उरणाऱ्या मानाला कोठेही मुभा नाही. क्रोध, मान, माया आणि लोभ या चार कषायांपैकी क्रोध रणांगणावर पेटतो आणि बहुधा तेथेच विझतो. मान मात्र घरी येतो, पदकाशेजारी बसतो आणि पिढ्यान्पिढ्या राहतो.

भरत आणि बाहुबली यांची कथा प्रत्येक जैन घरात सांगितली जाते. दोन्ही बाजूंचे सैन्य समोरासमोर उभे असताना मंत्र्यांनी सुचवले, की वाद दोघा भावांचा आहे, त्यासाठी हजारोंचा संहार कशाला? मग दृष्टियुद्ध, जलयुद्ध आणि मल्लयुद्ध झाले. तिन्हींत बाहुबली जिंकले, आणि जिंकलेल्या क्षणीच त्यांना राज्याची असारता जाणवली. येथपर्यंतची कथा सर्वांना ठाऊक असते. पुढील भाग अधिक महत्त्वाचा आहे. राज्य सोडून, वस्त्रालंकार सोडून, वेली अंगावर चढेपर्यंत तप करूनही त्यांना केवलज्ञान होईना. कारण मनात कोठेतरी शल्य उरले होते. श्वेतांबर परंपरेतील कथेत ब्राह्मी आणि सुंदरी या भगिनी तेथे येतात आणि भावाला हत्तीवरून खाली उतरण्यास सांगतात. तपस्व्याजवळ हत्ती कोठला? तो हत्ती मानाचा होता. बाहुबली उमजले, आणि नमन करण्यासाठी पाऊल उचलताच ज्ञान प्रकटले.

हा उपदेश कोणा मुनीने किंवा मंत्र्याने केला नाही, तर घरातील भगिनींनी केला, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. योद्ध्याला हत्तीवर चढवणारे पुष्कळ असतात. त्याला प्रेमाने खाली उतरवणे घरच्यांनाच साधते.

त्याच बाहुबलींची ५७ फुटी मूर्ती श्रवणबेळगोळ येथे उभी आहे. ती घडवून घेणारा चावुंडराय हा गंग राजांचा मंत्री आणि सेनापती होता. रणांगणही त्याने पाहिले होते आणि आचार्य नेमिचंद्रांच्या चरणी शास्त्रही ऐकले होते. पुढे शतकाहून अधिक काळाने होयसळ राजाचा सेनापती गंगराज याने मूर्तीभोवतीचा परिसर बांधून घेतला. दोघेही सेनापती, दोघांची राजघराणी वेगळी, काळ वेगळा. मूर्तीच्या पायाशी कोरलेला मराठी लेख अगदी थोड्या शब्दांचा आहे आणि तो मराठीतील प्राचीन लेखांत गणला जातो. मूर्ती चावुंडरायाने करविली, एवढे एका ओळीत. भोवतालचे बांधकाम गंगराजाने करविले, एवढे दुसऱ्या ओळीत. ज्याने जे केले, ते त्याच्या नावे लिहिले. कोणाचे काम मोठे, याची तुलना तेथे नाही. उत्तरकाळातील माणसाने पूर्वीच्याचे नाव पुसलेले नाही, आणि पूर्वीच्याच्या थोरवीमुळे पुढच्याची ओळ गाळलेली नाही. श्रेय कसे नोंदवावे, याचा याहून स्वच्छ नमुना शोधूनही सापडणार नाही.

अशी नोंद शक्य आहे, हे एका पित्याने आपल्या काळातही दाखवले. सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांचा जन्म पुण्याचा. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे ते विद्यार्थी; १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत पूना हॉर्स या रणगाडा रेजिमेंटमधून लढताना वयाच्या एकविसाव्या वर्षी ते धारातीर्थी पडले आणि परमवीर चक्राचे मानकरी ठरले. २००१ मध्ये त्यांचे वयोवृद्ध वडील, ब्रिगेडियर एम. एल. खेत्रपाल, फाळणीपूर्वीचे आपले घर पाहण्यासाठी पाकिस्तानात गेले. ज्या निवृत्त पाकिस्तानी ब्रिगेडियरने त्यांचे आतिथ्य केले, त्यानेच अखेरीस सांगितले, की त्या लढाईत अरुण आपल्या हातून मारले गेले. त्याने अरुणच्या शौर्याची मुक्तकंठाने प्रशंसा केली. पित्याने ते ऐकून घेतले आणि यजमानाविषयी मनात वैर ठेवले नाही. पुत्राला मारणाऱ्याच्या तोंडून पुत्राची खरी हकीकत जर एक पिता ऐकू शकतो, तर भूदलातील घराने हवाई दलाची आणि हवाई दलातील घराने नौदलाची हकीकत ऐकण्यात अवघड ते काय?

ज्या प्रबोधिनीत अरुण शिकले, तेथे तिन्ही दलांचे छात्र तीन वर्षे एकत्र राहतात, एकाच भोजनगृहात जेवतात, एकाच मैदानावर धावतात आणि त्यानंतर आपापल्या दलाच्या प्रशिक्षणाला जातात. गणवेशाचा रंग नंतर वेगळा होतो. आधीची मैत्री कायम राहते. ही व्यवस्था पन्नासच्या दशकापासून महाराष्ट्राच्या भूमीवर चालू आहे. तरुणांसाठी देशाने जे केले, ते आपल्या वृद्धांसाठी घरांना करता येईल.

त्यासाठी फार काही लागत नाही. ज्या घरात आजोबा, काका किंवा मामा सेनेत होते, त्या घराने त्यांची हकीकत त्यांच्या हयातीतच लिहून घ्यावी. तारीख लिहावी, ठिकाण लिहावे, तुकडीचे नाव लिहावे. त्यांनी स्वतः पाहिलेले आणि नंतर ऐकलेले, हे दोन वेगळ्या रकान्यांत लिहावे. हिशेबात जशी रोख आणि उधार वेगळी ठेवतात, तसेच हे आहे. मुलांनी ‘तुम्ही किती शत्रू मारले?’ असे विचारण्याऐवजी ‘त्या दिवशी तुमच्याबरोबर आणखी कोण होते?’ असे विचारावे. या एका प्रश्नाने वृद्धाच्या स्मरणातील कितीतरी चेहरे उजेडात येतात: रेशन पोहोचवणारा चालक, तारायंत्रावर बसलेला जवान, जखम बांधणारा परिचारक आणि आकाशातून आलेला तो अनामिक वैमानिक. त्यांची नावे आठवली तर तीही लिहावीत. नावे नसतील, तर ‘नाव ठाऊक नाही’ असे प्रामाणिकपणे लिहावे. आणि शक्य असेल, तर दुसऱ्या दलातील एखाद्या कुटुंबाला ती वही वाचायला द्यावी व त्यांची मागून घ्यावी. क्षमावाणीच्या दिवशी आपण ज्यांना खमावतो, त्यांत बहुधा आप्त आणि शेजारी असतात. ज्यांच्या वाट्याचे श्रेय आपण अजाणता आपल्या घरी आणून ठेवले, त्यांचीही आठवण त्या दिवशी झाली, तर ते अनुचित ठरणार नाही.